रिकामी टांकी

2019 सालच्या ऑगस्ट महिन्यांत कृष्णेचें पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं 57 फुटांच्या वर चढलें. धोक्याची खूण तेथें 45 फुटांची आहे. पाणी ओसरल्यावर गल्लोगल्लीं भिजलेल्या गाद्या, फुगलेलीं कपाटें आणि चिकटून गेलेलीं वह्यापुस्तकें रस्त्यावर आलीं. आणि त्यांच्या जोडीला दारोदार चिखलानें माखलेल्या दुचाकी गाड्या उभ्या राहिल्या. 1929 सालीं वाहतुकीस खुल्या झालेल्या या पुलानें पूर पुष्कळ पाहिले. 2005 चा पाहिला, पुढें 2021 चाहि पाहिला. मागल्या पिढ्यांच्या पुरांत भिजत असे तें धान्य आणि कपडालत्ता. आतां त्यांच्याबरोबर गाडी भिजते. आणि ज्याचा दुधाचा रतीब, भाजीचा बाजार किंवा शिकवण्यांची फेरी त्या गाडीवर चालते, त्याची मिळकतच त्या दिवशीं थांबते.

अशा वेळीं दुरुस्तीच्या दुकानापुढें गाड्यांची रांग लागते. पंधरा दिवसांनीं या, असें उत्तर मिळतें. मग घरांतला कर्ता माणूस, किंवा बहुधा कॉलेजांत जाणारा मुलगा, पाना-पक्कड घेऊन अंगणांत बसतो. ब्रेक साफ होतो, साखळीला तेल मिळतें, आणि अखेर हात येऊन पडतो तो पेट्रोलच्या टांकीवर. येथपर्यंत झालें तें सारें कौतुकास्पद असतें. टांकीपासून पुढें मात्र कोणतें काम घरचें आणि कोणतें परक्या हातीं द्यावयाचें, याचा विवेक हवा. प्रस्तुत भाषणाचा विषय तेवढाच आहे.

सातारा उंचावर; तेथें असा पूर येत नाहीं. पण महाबळेश्वरीं उगम पावून वाईवरून माहुलीस येणारी नदी तीच, आणि टांकीचें दुखणेंहि निराळ्या वाटेनें तेंच. चार महिने पडणारा पाऊस, घाटांतील खडी, आणि जुन्या गाड्यांवरचें लोकांचें प्रेम. 1975 सालीं पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ व बजाज ऑटो यांच्या भागीदारींत ‘महाराष्ट्र स्कूटर्स’ ही कंपनी निघाली, आणि तिच्या साताऱ्याच्या कारखान्यांतून ‘प्रिया’ स्कूटर बाहेर पडूं लागली. ती गाडी आतां कोणी बनवीत नाहीं. पण वडिलांची प्रिया वाड्याच्या पडवींत जपून ठेवणारे गृहस्थ साताऱ्यांत अजून भेटतात. शिवाय या मुलखाला लोखंडाचें भय नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं 1888 सालीं बेळगांवास सायकलींच्या दुकानानें प्रारंभ केला आणि 1910 सालीं कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला. सातारा रोडला कूपर यांचा कारखाना निघाला. बिघडलेली वस्तु टाकून द्यावयाची नसते, तिची खोड काढावयाची असते, ही या दोन्ही जिल्ह्यांची जुनी रीत आहे. रीत चांगली आहे. म्हणूनच ती कोठें थांबते हें सांगणें अगत्याचें आहे.

टांकी बिघडते कशी, हें आधीं पाहूं जातां असें दिसतें कीं बहुतेक टांक्या बाहेरून फुटत नाहींत, आंतून कुजतात. दुचाकीची टांकी म्हणजे पोलादी पत्र्याचे दाबून घडविलेले दोन भाग कडेशीं जोडून केलेलें भांडें. पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा. पेट्रोल पाण्यापेक्षां हलकें, म्हणून टांकींत शिरलेला पाण्याचा प्रत्येक थेंब खालीं जातो आणि तळाच्या सांध्यापाशीं बसून राहतो. पुराचें पाणी झांकणाच्या हवेच्या छिद्रांतून एकदम येतें. पावसाळी हवेंतील ओल रोज थोडी थोडी येते. अर्धी रिकामी टांकी रात्रीं थंड झाली कीं आंतल्या भिंतींवर दंव धरतें. परिणाम एकच. सांध्यालगत गंजाचा एक ठिपका, मग सुईच्या अग्राएवढें छिद्र, आणि एके दिवशीं सकाळीं फरशीवर वासाचा डाग.

अलीकडे यांत एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. 2023 च्या फेब्रुवारीपासून 20 टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल देशांत विक्रीस आलें आणि 2025 सालापर्यंत तें सर्वत्र पसरलें. इथेनॉल म्हणजे जुन्या भाषेंतला मद्यार्क. आणि तो होतो मुख्यत्वें उसापासून व धान्यापासून. तेव्हां सांगली-साताऱ्याच्या शेतांतला ऊस, जिल्ह्यांतल्याच साखर कारखान्यांतून, तेथल्याच गाडीच्या टांकींत परत येतो असें म्हणावयास हरकत नाहीं! इथेनॉलला पाण्याची मोठी ओढ. थोडें पाणी तें आपल्यांत सामावून घेतें, आणि तितक्यापुरता त्याचा उपयोगच होतो. परंतु पाणी प्रमाणाबाहेर झालें कीं इथेनॉल व पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळीं पडतात व तळाशीं जाऊन बसतात. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीला हा शेजार मानवत नाहीं. प्रियासारख्या गाडींत पेट्रोलमध्यें तेल मिसळावें लागे; त्या तेलाचा पातळ लेप टांकीला थोडेंबहुत संरक्षण देई. नव्या गाडीच्या टांकीला तोहि लाभ नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. पुष्कळ घरांतील वडीलधाऱ्यांना स्टोव्ह आठवत असेल. त्याची पितळी टांकी गळूं लागली कीं ती झाळणाऱ्याकडे जाई. तो दोन वेळां विसळून, कथील-शिशाचा टांका लावून, अर्ध्या तासांत परत देई. कोणी हौशी गृहस्थ तें काम घरींच करीत. कांहीं विपरीत घडत नसे. त्या अनुभवानें एक समजूत मनांत मुरली, कीं तेल ओतून टाकलें म्हणजे भांडें निर्धोक झालें. ही समजूत रॉकेलच्या बाबतींत बऱ्याच अंशीं निभावून गेली, याचें कारण रॉकेलचा स्वभाव. सुमारें 35-40 अंशांपर्यंत तापल्यावांचून रॉकेलच्या पृष्ठभागावर पेट घेण्याजोगी वाफ जमत नाहीं. पेट्रोलची ती मर्यादा शून्याखालीं सुमारें 40 अंश आहे. म्हणजे हिमालयांतल्या कडाक्याच्या थंडींतहि तें वाफ सोडीत असतें. मग सांगलीच्या उन्हाळ्याची गोष्टच नको.

पेट घेतें तें द्रव पेट्रोल नव्हे. हवेशीं मिसळलेली त्याची वाफ पेट घेते. आणि तीहि कोणत्याहि प्रमाणांत नव्हे. हवेंत ही वाफ साधारण दीड टक्क्याहून कमी असेल तर ज्वाला धरत नाहीं, साडेसात टक्क्यांहून अधिक असेल तरीहि धरत नाहीं. या दोन मर्यादांच्या मधल्या पट्ट्यांत मात्र एक ठिणगी पुरते. आतां दहा लिटरच्या टांकीचा हिशेब करावा. तिच्यांतील सगळी हवा स्फोटक व्हावयास किती पेट्रोल लागेल? जेमतेम अर्धा मिलिलिटर. चहाच्या चमच्याचा दहावा हिस्सा. एवढें पेट्रोल तर पत्र्याच्या दुमडींत, गंजाच्या खपल्यांखालीं, कॉकच्या जाळीमागें, टांकी पालथी करून झटकल्यावरहि राहतें.

यांतून निघणारा निष्कर्ष सामान्य समजुतीच्या अगदीं उलट आहे. भरलेल्या टांकींत वाफ इतकी दाट असते कीं आंत ज्वालेला हवाच मिळत नाहीं. म्हणून भरलेली टांकी निरुपद्रवी असें मुळींच नव्हे. पण घरीं दुरुस्ती करणाराचा घात बहुधा ती करीत नाहीं. घात करते ती रिकामी टांकी, आणि त्यांतहि सावध माणसाची रिकामी टांकी. त्यानें पेट्रोल काढलें, झांकण उघडें ठेवून ती दोन दिवस उन्हांत वाळविली, नाकाशीं धरून पाहिली, वास मंद झाला म्हणून समाधान मानलें. वस्तुतः दाट वाफ विरळ करीत करीत त्यानें ती नेमकी त्या मधल्या पट्ट्यांत आणून ठेवलेली असते. मग त्यानें ज्योत लावली कीं पत्रा तापतो, गंजाखालीं दडलेले थेंब उकळून बाहेर येतात, आणि कांहींच नव्हतें त्या जागीं सर्व कांहीं हजर होतें. टांकी सांध्यावर उकलते. समोर माणसाचा चेहरा असतो.

या वाफेची दुसरी खोड अशी कीं ती हवेपेक्षां तिपटी-चौपटीनें जड आहे. धुरासारखी ती वर जात नाहीं, पाण्यासारखी खालीं उतरते. पडवींतून पायरीवर, पायरीवरून अंगणांत, आणि अंगणांत जेथें खळगा असेल तेथें. सातारा-सांगलीकडील जुन्या वाड्यांत न्हाणीघराशीं पाण्याचा बंब पेटलेला असतो. तुळशीवृंदावनापाशीं सांजवात लागते. आणि हीं सगळीं ठिकाणें जमिनीलगतचीं. दहा-पंधरा पावलांवर काम करणारास आपण आगीपासून लांब आहों असें वाटतें. वाफ मात्र जमिनीसरशी तेथवर जाऊन पोंचते. नव्या घरांत बंबाच्या जागीं गॅसचा गीझर आला इतकाच फरक.

मग घरीं करण्यासारखें कांहींच नाहीं काय? आहे, आणि पुष्कळ आहे. फक्त तें सारें थंडपणानें करावयाचें काम आहे. ज्योत, तापलेलें लोखंड आणि विजेचें यंत्र यांना त्यांत प्रवेश नाहीं.

प्रथम पुरांत बुडालेली गाडी सुरूच करून पाहूं नये. बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवावी, गाडी उघड्यावर घ्यावी, आणि कॉकच्या नळींतून पेट्रोल धातूच्या डब्यांत उतरवून घ्यावें. रबरी नळी तोंडानें ओढून पेट्रोल काढण्याची जी पद्धत आहे ती कायमची सोडावी. एक घोट फुप्फुसांत गेला तर इस्पितळांत जावें लागतें. काढलेलें पेट्रोल थोडें कांचेच्या बाटलींत घेऊन स्थिर ठेवल्यास खालीं पाण्याचा थर स्पष्ट दिसतो, आणि टांकीच्या प्रकृतीचें निदान तेथेंच होतें. हें पेट्रोल गटारांत ओतूं नये, कारण गटार अखेर कृष्णेसच मिळतें. आणि केरावर ओतून पेटविण्याचा मोह तर होऊंच देऊं नये. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे तें द्यावें.

टांकी उतरवली कीं ती गार पाण्यानें कांठोकांठ भरावी व वरून पाणी वाहूं द्यावें. पाणी आंतल्या वाफेला बाहेर ढकलतें. त्यानंतर कपडे धुण्याची पूड घातलेल्या ऊन पाण्यानें तीन-चार वेळां खळबळून धुवावी. पहिलेंच पाणी ऊन घेऊं नये, त्यानें वाफ उसळते. धुतलेली टांकी उन्हावाऱ्यांत वाळवावी. केस वाळवण्याचें विजेचें यंत्र किंवा केर ओढण्याचें यंत्र लावून घाई करणारे पुष्कळ असतात. पहिल्यांत तांबडी झालेली तार असते, दुसऱ्याच्या मोटारींत ठिणग्या उडतात. आणि इतकें धुतल्यावरहि टांकी थंड कामापुरती योग्य झाली, ज्योतीस योग्य झाली नाहीं, हें विसरतां कामा नये.

गंज काढण्यास किराणा दुकानांत मिळणारें लिंबूसत्त्व उत्तम. लिटरभर कोमट पाण्यास 50 ते 100 ग्रॅम घालून टांकी भरावी व रात्रभर ठेवावी. झांकण सैल असावें, कारण आम्ल व लोखंड यांच्या संयोगानें थोडा वायु सुटतो आणि तोहि ज्वालाग्राही आहे. पितळेच्या भांड्यांना चिंच लावण्याची संवय असल्यामुळें येथेंहि चिंच सुचते. पण तिचा चोथा कॉकच्या जाळींत जाऊन बसतो. संडास धुण्याचें तीव्र आम्ल तर गंजाबरोबर पत्राहि खातें. खपली जाड असल्यास आंत मूठभर लोखंडी नट टाकून टांकी हलवितात. नट मोजून टाकावेत व मोजून काढावेत! त्यानंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें आम्ल मारावें, स्वच्छ पाण्यानें धुवावें, आणि वाळतांच आंतून तेलाचा हात फिरवावा. उघडें पडलेलें पोलाद तासाभरांत पुन्हां तांबूस होऊं लागतें.

छिद्र शोधण्यास पाणी भरून बाहेरून कोरडा कागद फिरवला तरी पुरें. एक सांपडलें म्हणून थांबूं नये. त्याच्या आसपासचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनें दाबून पाहावा. पत्रा दबत असेल, किंवा ठिगळ लावण्याच्या जागेपेक्षां चाळण मोठी असेल, तर नवी टांकी घेणें हेंच स्वस्त. कैक घरांत या टप्प्यावर हट्ट शिरतो. वडिलांच्या गाडीची टांकी बदलावयाची म्हणजे वडिलांचाच अनादर, असें कांहींसें वाटतें. परंतु वडील ती गाडी चालवीत होते, जपून ठेवीत नव्हते.

पत्रा धड असेल तर दोन घटक मळून करावयाच्या इपॉक्सीच्या लेपानें छिद्र बुजतें. लेप पेट्रोल व इथेनॉल दोन्हींस टिकणारा आहे असें वेष्टनावर स्पष्ट लिहिलेलें असावें. नळाच्या गळतीसाठीं घरांत ठेवलेला गोळा येथें कांहीं दिवसांतच मऊ पडण्याचा संभव असतो. छिद्राभोंवतीं दोन-तीन बोटें रुंदीचा रंग हातानें कांच-कागद घासून काढावा, धातु चकचकीत दिसला पाहिजे; विजेचें घासण्याचें चक्र वापरूं नये. लेप छिद्रावर नुसता टेकवूं नये, दाबून आंत घुसवावा, वर कांचतंतूच्या कापडाचा तुकडा बसवून पुन्हां लेप द्यावा, आणि पुरे चोवीस तास टांकीला हात लावूं नये. रस्त्यांत अडलेले ट्रकवाले गळतीवर साबणाची वडी घासतात, तो उपाय खोटा नाहीं. साबण पेट्रोलांत विरघळत नाहीं म्हणून तो घटकाभर धरतो. पण पाण्यांत विरघळतो. घाटांत पाऊस लागला कीं संपलें.

छिद्र मोठें असेल, सांधा उकलला असेल, किंवा कॉकचें बूड हललें असेल, तर तेथें ज्योतीचें काम आहे आणि तें कारागिराचें आहे. जाणता कारागीर टांकी अशी वळवून धरतो कीं छिद्र सर्वांत वर यावें, आणि मग छिद्राच्या अगदीं जवळपर्यंत तिच्यांत पाणी भरतो. वाफ सांठावयास आंत जागाच उरत नाहीं. तो वाफाऱ्यानेंहि टांकी साफ करतो. झाळावयाची असेल तर लोखंडी खोड दूर तापवून आणतो, ज्योत टांकीपाशीं नेत नाहीं. कथील-शिशाचा टांका दोनशे अंशांच्या आंतबाहेर वितळतो, पितळेच्या झाळकामास नऊशेंच्या घरांत उष्णता लागते. पहिल्यानें भागत असतां दुसरें करणारा कारागीर चांगला नव्हे. दुकानीं टांकी देतांना ‘ही धुतली आहे’ असें सांगून त्याला निर्धास्त करूं नये. ‘पेट्रोलची आहे’ एवढेंच सांगावें. आणि जो पाणी न भरतां नळकांड्याची ज्योत उचलतो, त्याच्या दुकानांतून आपली टांकी परत घेऊन यावें. थांबून वाद घालूं नये.

पुष्कळशा नव्या मोटारींची टांकी प्लॅस्टिकची असते. त्या जातीच्या प्लॅस्टिकला कोणताहि चिकट पदार्थ नीट धरत नाहीं. ती बदलावीच लागते. गॅसवर चालणाऱ्या गाडीच्या नळकांड्याला तर घरच्या माणसानें पानाहि लावूं नये. आंत हवेच्या दोनशे पट दाब असतो, आणि दर तीन वर्षांनीं त्याची तपासणी करून घेणें नियमानें बंधनकारक आहे.

दुरुस्त टांकी गाडीवर चढविण्यापूर्वीं कॉकची रबरी चकती व नळी नवी घालावी. जुनी पुन्हां बसवून वाचणारे पैसे फार थोडे. झांकणाचें हवेचें छिद्र सुईनें मोकळें करावें. मग दोन लिटरच पेट्रोल घालून गाडी रात्रभर उघड्यावर, पागोळ्यांपासून दूर, पाठकोऱ्या कागदावर उभी करावी. सकाळीं कागद उचलून उजेडांत धरावा. तो कोरडा असेल, त्याला वास नसेल, तर उरलेली टांकी भरावी, आणि पहिले आठ दिवस गाडीवर बसण्याआधीं एकदां खालीं वांकून तळाच्या सांध्यावरून बोट फिरवावें.